राखीची गोळी, भुआचा चहा

घोडेगाव,
५ ऑगस्ट २०२५

ती. रुक्मिणीभुआ यांस राखीचा जय जिनेंद्र.

पत्र बघून घाबरू नका, सगळे खुशाल आहेत. पप्पांनी काल आपल्या बहिणीला म्हणजे तुम्हाला फोन लावला होता, पण तुम्ही "पाऊस आहे का तिकडे?" एवढंच पुन्हा पुन्हा विचारलंत आणि ठेवून दिलात. मग रिंकूवहिनींनी घेतला. तुमच्या या सुनेला सांगितलं की राजुरीला दवंडी दिल्यासारखं होतं, हे तुम्हीच म्हणता. म्हणून हे पोस्टाने.

मंचरहून स्थळ आलंय. मुलाचं नाव अरिहंत. भीमाशंकरच्या दुकानदारांना नारळ, अगरबत्ती, पेढ्यांची रिकामी खोकी असा माल पोचवतो, स्वतःचा टेम्पो आहे. बोलतो कमी, हसतो जास्त. आपल्या झेरॉक्सच्या दुकानात पहिल्यांदा आला तेव्हा आधारकार्डाच्या एका कॉपीसाठी इतका वेळ रेंगाळला की आपल्या धाकट्या पारसने त्याला स्टूल आणून दिलं. घरात सगळ्यांना पसंत आहे. मलाही, हे वेगळं सांगत नाही.

त्याच्या आई झुंबरबाई मात्र धर्माच्या फार पक्क्या. यंदा आपल्या गावात महासतीजी साध्वींचा चातुर्मास आहे, त्यामुळे पर्युषणात त्या इथेच बहिणीकडे राहायला येणार आहेत. भुआ, मी यंदा अठ्ठाई करायची म्हणते. आठ दिवस नुसत्या उकळलेल्या पाण्यावर. जमेल ना मला? तुम्ही एवढ्या केल्यात म्हणून विचारते.

तुमची
राखी


राजुरी,
९ ऑगस्ट

चि. राखीला भुआचे पोटभर आशीर्वाद. पोटभर अशासाठी, की पुढे आठ दिवस पोटाला तेवढंच मिळणार आहे.

जमेल ना म्हणून काय विचारतेस? कुणाची भाची आहेस! पहिला दिवस मिरवण्यात जातो, दुसरा डोकेदुखीत, तिसरा रडण्यात. चौथ्यापासून भूकच कंटाळते आणि दुसऱ्याच्या घरी निघून जाते. दुपारी उन्हात जाऊ नकोस आणि स्वयंपाकघराच्या वाऱ्याला उभी राहू नकोस, एवढं सांभाळ.

आमच्या शेजारच्या साबेराला सांगितलं. बांगड्यांचं दुकान आहे बघ तिचं, हल्ली माझे कान तीच आहे. ती म्हणाली, "भाभी, आमचे रोजे महिनाभर असतात, पण सांजच्याला खायला मिळतं. हे तुमचं लई अवघड!" मी म्हटलं, अवघड आहे म्हणून तर मिरवणूक निघते. पारण्याला मी ताशावाला घेऊन येणार आहे.

लहानपणी तुला झटके यायचे ते कधीचे गेले, असं तुझा बाप सुवालाल म्हणत होता. चांगलं झालं. स्थळाकडे त्याचा विषय मुळीच काढू नका. झाकली मूठ सव्वा लाखाची. आणि मुलगा एका झेरॉक्ससाठी एवढा थांबतो म्हणजे काम झालंच म्हणून समज.

तुझी
भुआ


घोडेगाव,
२० ऑगस्ट

ती. भुआ,

उद्यापासून पर्युषण. चार दिवसांनी पेन धरायला बळ राहील न राहील, म्हणून आजच लिहिते. झुंबरबाई आल्या आहेत. आज स्थानकात महासतीजींच्या व्याख्यानाला त्यांनी माझ्या शेजारीच आसन टाकलं. लाल लोकरीचं, कडेला हाताने विणलेली हिरवी वेल. "पहिलीच अठ्ठाई? शाब्बास गं," म्हणाल्या. मी नुसती फुगले.

एक गोष्ट तुम्हालाच सांगते. झटके गेले नव्हते, भुआ. गोळ्यांनी थांबले होते. सकाळी एक, संध्याकाळी एक, इतकी वर्षं चालू आहेत. पप्पांना "गेले" म्हणायला आवडतं, म्हणून ते तसं म्हणतात. आता दोन वर्षं झाली, एकही झटका नाही. आणि उपवास म्हणजे पाण्याशिवाय तोंडात काही घालायचं नाही. म्हणून उद्यापासून गोळ्याही बंद. डबी कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवून दिली आहे. आईला वाटतंय मी घेतेय.

एवढं तप केल्यावर माझ्याकडे कुणीतरी बघेलच की नाही? पारण्याला नक्की या. ताशा मात्र नको.

राखी


घोडेगाव,
२९ ऑगस्ट

ती. भुआ,

खमतखामणा. कळत नकळत तुमचं मन दुखवलं असेल तर मिच्छामि दुक्कडं. दरवर्षी छापील कार्डावर पाठवते, यंदा हाताने लिहिते आहे.

रविवारी काय झालं ते मला सांगा. मी स्थानकात व्याख्यानाला बसले होते एवढं आठवतं. त्यानंतर डोळे उघडले तर तुम्ही माझे पाय दाबत होता आणि साबेराचाची माझ्या कपाळावरचे केस मागे करत होत्या. मधलं सगळं पुसलं गेलंय. तुम्ही राजुरीहून तिथे कशा आलात? चाची स्थानकात कशा? घरी विचारलं तर आई डोळ्याला पदर लावते. पप्पा म्हणतात, "उपवासाची चक्कर आली, दुसरं काही नाही." आणि पारसला विचारलं तर तो "कांदा" एवढंच म्हणतो आणि हसत सुटतो.

झुंबरबाई त्याच दिवशी मंचरला निघून गेल्या. त्यांचं लाल आसन मात्र माझ्या उशाशी होतं, ते आता आमच्याच घरी आहे. त्याचा अर्थ काय तो मला कळतो. तरी खरं काय झालं ते तुमच्याकडूनच हवंय. तुम्हाला खोटं बोलता येत नाही, कारण तुम्हाला हळू बोलता येत नाही.

राखी


राजुरी,
२ सप्टेंबर

चि. राखी,

माझाही खमतखामणा. आता ऐक.

तुझं पत्र शनिवारी दुपारी आलं. माझा चष्मा सापडेना म्हणून साबेरा वाचत होती. "गोळ्याही बंद" इथपर्यंत आली आणि गप्प झाली. मला वाटलं, झालं, राहिलेले कानही गेले. बघते तर ती रडत होती.

तिचा धाकटा भाऊ होता मोहसीन, जुन्नरला. त्यालाही हेच दुखणं. बरेच दिवस झटका आला नाही, तेव्हा "मी बरा झालो" म्हणून त्याने आपल्या मनानेच गोळ्या सोडल्या. सव्वीस वर्षांचा पोरगा जेवून, हसून झोपायला गेला तो सकाळी उठलाच नाही. पालथा होता. नंतर डॉक्टरांनी त्याच्या आईला सांगितलं, की झटका येऊन झोपेत असं जाणारे थोडे असतात, पण असतात, आणि गोळ्या चुकवणाऱ्यांना धोका जास्त. आधी कुणीच सांगितलं नव्हतं. झटक्यात माणूस पडतो, जीभ चावतो, एवढंच आपल्याला ठाऊक. जीव जातो हे मलाही ठाऊक नव्हतं, राखी. मी तुला भूक कशी कंटाळते ते शिकवत बसले होते.

संध्याकाळी फोन लावला तर तुम्ही सगळे प्रतिक्रमणाला. रात्री रिंकूने सुवालालला गाठलं. तो म्हणाला, "गोळ्या? घेत असेल की ती रोज." पत्रातलं रिंकूला सांगणं म्हणजे दवंडी, आणि त्या "असेल"वर माझा विश्वास बसेना. रविवारी पहिल्या गाडीने आळेफाटा, तिथून मंचर, तिथून घोडेगाव. साबेरा म्हणाली, "मी पण येते. तुमाला कंडक्टरचं ऐकू येत न्हाई, भीमाशंकरला उतराल."

स्थानकात पोचलो तर व्याख्यान चालू. सगळे शांत. तू मला दिसलीस, तोंड कसं चिंचोळं झालेलं! मी साबेराच्या कानात हळूच म्हटलं, "हिनंच फिटच्या गोळ्या बंद केल्यात." हळूच म्हटलं असं मला वाटलं. सगळं स्थानक वळलं. तू "भुआ" म्हणून उठलीस आणि तिथेच कोसळलीस.

मग जी धांदल उडाली! कुणी म्हणालं, कांदा हुंगवा. दुसरी म्हणाली, पर्युषणात? स्थानकात? कांदा? तरी पारस पळाला. ती गल्ली सगळी आपल्याच लोकांची, आठ दिवस कुणाच्या घरात कांद्याची साल सापडायची नाही. एका दारात त्याने "काकी, कांदा द्या" म्हटलं तर ती त्याच्या अंगावर धावून आली, "लाज न्हाई वाटत का रं? पर्युषण हाय!" इकडे कुणी चप्पल हुंगवा म्हणालं. चपला सगळ्या बाहेर, ढीगभर. कुणाची आणायची यावर दोन बायकांचं जुंपलं. मी मधे उभी राहून नवकार म्हणत होते, तोही ओरडून.

साबेराने सगळ्यांना मागे लोटलं. "कांदा नको, चप्पल नको, कायबी नको. हवा येऊ द्या. तिचे हात धरू नका. तोंडात पाणी घालू नका, चमचा घालू नका." तुला कुशीवर वळवलं, गळ्यातली चेन मोकळी केली, घड्याळाकडे बघत बसली. डोक्याखाली काहीतरी मऊ द्या म्हणाली, तेव्हा ते लाल आसन घडी करून कुणी पुढे केलं असेल? झुंबरबाईंनी. झटका थांबला, तू घोरायला लागलीस, आणि मग साबेरा भिंतीला टेकून खाली बसली. मोहसीनच्या वेळी खोलीत कुणी नव्हतं.

तू शुद्धीवर आल्यावर महासतीजी म्हणाल्या, औषधाला व्रतात सवलत आहे. पचक्खाण, म्हणजे उपवासाचा संकल्प, घेताना आपण "सव्वसमाहिवत्तियागारेणं" म्हणतो ना, त्यातच आजारी माणसाची सोय सांगितली आहे. मी जन्मभर ते पोपटासारखं म्हणत आले. अर्थ कधी विचारला नव्हता. तुझे तीन उपवास पूर्ण झालेच होते, म्हणजे तेला झाला. तोही काही कमी नाही. त्यांनी तिथेच तुला पारणं करायला लावलं.

झुंबरबाई जाताना माझ्याजवळ थांबल्या. "आमाला का नाय सांगितलं?" म्हणाल्या. मला ऐकू आलं, पण मी न ऐकल्यासारखं केलं. बहिरेपणाचा तेवढाच फायदा. झाकली मूठ म्हणणारी मीच, आणि ती भर स्थानकात उघडणारीही मीच. पण तू जिवंत आहेस, त्यामुळे मला फारसं वाईट वाटत नाही.

आता माझा नियम ऐक. महासतीजींकडून घेऊन आले आहे. ज्या दिवशी तू गोळी चुकवशील त्या दिवशी मला चहा बंद. आणि मी दिवसाला किती चहा पिते हे तुला माहीत आहे. गोळी घेतली की मला मिस कॉल दे, सकाळ-संध्याकाळ. बोलू नकोस, उजेड दिसला की पुरे.

भुआ


घोडेगाव,
१२ सप्टेंबर

ती. भुआ,

मिस कॉल मिळतायत ना? मिळतच असतील, नाहीतर चहावाचून तुम्ही इथे येऊन मला खाल्लं असतं.

डॉक्टरीणबाईंकडे गेलो होतो, आई, पप्पा, मी. पप्पांनी पहिल्यांदाच "गेले" हा शब्द वापरला नाही. बाईंनी सांगितलं, ती दोन चांगली वर्षं गोळ्यांचीच होती. आता गोळ्यांच्या वेळा आपल्या नियमाप्रमाणे बांधून दिल्यात, सकाळी सूर्य उगवून नवकारसी झाल्यावर आणि संध्याकाळी सूर्य मावळायच्या आत. लांब उपवास आणि जागरण बंद. न्हाणीघराला कडी लावायची नाही. एकटं झोपायचं नाही. आई आता माझ्या खोलीत झोपते आणि इतकी घोरते, की तिच्यावर लक्ष ठेवायला मीच जागी राहते की काय अशी वेळ आली आहे.

मी बाईंना सरळ विचारलं, मी मोहसीनसारखी जाईन का? त्या म्हणाल्या, "तसं होणारच नाही असं लिहून देता येत नाही. पण गोळ्या नीट घेतल्यास तर बहुतेक म्हातारी होशील आणि सुनेशी भांडशील." मला एकदम हलकं वाटलं. इतकी वर्षं कुणी हा विषय माझ्यासमोर काढतच नव्हतं.

आता एक खरं सांगते. ते तप नव्हतं, भुआ. मी तुम्हालाही फसवलं. आठ दिवस गोळ्यांशिवाय झटका आला नाही, तर आपण बऱ्या झालो, मग अरिहंतला काही सांगायलाच नको, असं मनात होतं. उपवासाच्या आडून मी स्वतःची परीक्षा घेत होते. त्या परीक्षेत नापास होण्याचा अर्थ काय, ते चाचींमुळे कळलं.

काल पारसबरोबर मंचरला ते आसन परत पाठवलं, धुऊन, घडी करून. सोबत झुंबरबाईंना चिठ्ठी लिहिली. किती वर्षांची असल्यापासून, कोणत्या गोळ्या, अठ्ठाई कशासाठी धरली, सगळं. शेवटी लिहिलं, की तुम्ही विचारलंत त्याचं उत्तर देते आहे, बाकी काही मागत नाही. पारस म्हणाला, त्यांनी चिठ्ठी घेतली आणि दार लावून घेतलं. अरिहंत घरी नव्हता. मी दुकानात बसते, झेरॉक्स काढते. टेम्पोचा आवाज आला की बाहेर बघत नाही. रडू येतं तेव्हा येतं.

राखी


राजुरी,
५ ऑक्टोबर

चि. राखी,

बसलेली असशील तरच पुढे वाच.

आज सकाळी साबेराच्या दुकानापुढे टेम्पो थांबला. त्यातून झुंबरबाई उतरल्या आणि मागून एक हसरा मुलगा. मी आमच्या ओट्यावरून बघते तर सरळ बांगड्यांच्या दुकानात शिरल्या. मला वाटलं, बांगड्या भरायला आल्यात, म्हणजे दुसरीकडे लग्न ठरलं. हातातली बशी तशीच ओट्यावर ठेवली. तरी गेले.

झुंबरबाई साबेराला म्हणाल्या, "बाई, त्या दिवशी तुमी पोरीला कसं वळवलं ते आमाला दाखवा." आणि मुलाला म्हणाल्या, "झोप रं खाली." तो खरंच झोपला! बांगड्यांच्या दुकानात, सतरंजीवर. साबेराने त्याला कुशीवर कसं वळवायचं ते दाखवलं, गुडघा कसा दुमडायचा, हनुवटी कशी ठेवायची, घड्याळ का बघायचं, पाच मिनिटांत थांबलं नाही तर गाडी कशी बोलवायची. मग झुंबरबाईंनी स्वतः वळवून बघितलं. दोनदा. गिऱ्हाइकं दारात उभी. एक बाई विचारत होती, "ह्याला काय झालंय वो?" मी म्हटलं, "लगीन!"

मग त्या माझ्याकडे वळल्या. या वेळी मी ऐकलं, बरं का. "आजाराचा राग नव्हता. आजार कुणाच्या घरी न्हाई? लपवलं त्याचा आला व्हता. उद्या आमच्या घरात पडली असती, आमी कांदाच शोधत बसलो असतो, आन् पोर हातची गेली असती. चिठ्ठी आली तवा निवले, पण इथं येऊन शिकल्याबिगर हो म्हणायचं नव्हतं." मग पिशवीतून लाल आसन काढून माझ्या हातात दिलं. तिच्याच उशाला राहू द्या म्हणाल्या, आम्ही दुसरं विणू.

मुलगा उठला, धूळ झटकली, माझ्या पाया पडला. मी त्याला विचारलं, "एका झेरॉक्सला किती वेळ लागतो रे?" तो नुसता हसला. बोलत नाही खरा.

मंचरहून सुवालालला रीतसर निरोप येईल. तोवर तुला माहीत नाही असं दाखव. आसन रिंकूबरोबर पाठवते.

भुआ


घोडेगाव,
२ नोव्हेंबर

ती. भुआ,

साखरपुड्याला तुम्ही व्यासपीठाशेजारी बसून "मुलगा काळा आहे पण चांगला आहे" असं साबेराचाचींना सांगितलंत, ते शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. त्यालाही. तो अजून हसतोय.

ऐका, महत्त्वाचं. त्रिपुरी पौर्णिमेला भीमाशंकरला गर्दी असते, म्हणून अरिहंत तिथे दोन दिवस नारळांचा स्टॉल लावणार आहे. मी, पारस आणि झुंबरबाई मदतीला चाललोय. मंगळवारी निघू, गुरुवारी परत. वर रेंज नसते, त्यामुळे मिस कॉल येणार नाहीत. गोळ्यांची डबी झुंबरबाईंच्या कमरेला आहे, मी मागायच्या आधी त्याच हातावर ठेवतात. तेव्हा तुम्ही खुशाल चहा घ्या. हे पत्र मंगळवारपर्यंत पोचेलच.

राखी


राजुरी,
६ नोव्हेंबर

चि. राखी,

तुझं पत्र मंगळवारी पोचलं नाही. बुधवारी पोस्टाला सुट्टी. ते आज, गुरुवारी दुपारी माझ्या हातात पडलं.

मंगळवारी सकाळी फोन उजळला नाही. म्हटलं, विसरली असेल. संध्याकाळी नाही. रिंकूला लावायला सांगितलं, तुझा फोन लागेना. सुवालालला लावला. तो म्हणाला, "भीमाशंकरला गेलीय, मजेत आहे." मी विचारलं, गोळी? म्हणाला, "घेत असेल की." पुन्हा तेच "असेल"! मी कप पालथा घातला.

काल दिवसभर ओट्यावर फोन मांडीवर घेऊन बसले. रिंकू म्हणाली, चहा नाही म्हणून डोकं चढलंय का? डोकं चढलं नव्हतं. मी मोहसीनच्या आईचा विचार करत होते. त्या सकाळी तीही अशीच बसली असेल, पोरगा उशिरापर्यंत झोपलाय म्हणून, चहा झाकून ठेवून. दुपारी साबेरा आली, शेजारी बसली. तिनेही चहा घेतला नाही. मी म्हटलं, नियम माझा आहे, तू का? म्हणाली, "भाभी, एकटीनं वाट बघू नये."

मला तुझा राग आलेला नाही. लग्नानंतर तू मंचरला जाशील, तेव्हाही हे मिस कॉल बंद करू नकोस. मी गेले तर साबेराला देत जा. एवढंच मागते.

आता पत्र वाचलंय, डबी झुंबरबाईंच्या कमरेला आहे हेही कळलं. रिंकू म्हणते, आता तरी घ्या. पण नियम म्हणजे नियम, उजेड दिसल्याशिवाय नाही. गॅसवर आधण ठेवलंय, साखर घातली आहे, पत्ती हातात घेऊन साबेरा उभी आहे आणि मी हे लिहिते आहे.

थांब. उजळला! तुझा. बंद झाला आणि पुन्हा उजळला, हा नंबर माझ्या ओळखीचा नाही. साबेराने आपल्या फोनमधल्या नंबरशी ताडून सांगितलं, मंचरच्या झुंबरबाई.

पेन ठेवते. साबेरा, पत्ती टाक.

भुआ